डाऊट ऑन मॅथ्स सर

अकोल्यातल्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिच्या फाटकाच्या आत मराठी बोलायला मनाई आहे. मुलांना आहे, शिक्षकांना आहे, आणि अलीकडे पालकांनाही आहे. शिपायांना तेवढी सूट मिळाली आहे, कारण शाळेतली कामं व्हायला हवीत.

हा नियम आमच्या प्राचार्या मॅडमचा. त्या पुण्याहून आल्या. पहिल्याच पालकसभेत मागच्या रांगेतली एक आई उभी राहून म्हणाली, "माह्या पोराले घाम येते ना बापा, तो पंखा काहून बंद ठेवता?" मॅडम माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "ह्या भांडतायत का?" मी म्हटलं, "नाही, विनंती करताहेत." त्यांनी त्या बाईकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. पुढच्याच आठवड्यात सूचना निघाली की शाळेच्या आवारात, आणि पालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवरसुद्धा, फक्त इंग्रजीच चालेल.

माझं इंग्रजी अमरावतीच्या मराठी शाळेतलं. ए, बी, सी, डीशी ओळख पाचवीत झाली, त्यामुळे नियम पाठ आहेत आणि जीभ जरा अडखळते. मॅडमचं उलटं आहे. नियम विचारले की त्या खिडकीबाहेर बघतात, पण बोलताना कुठेच अडत नाहीत. म्हणून शिक्षकांना काही अडलं तर ते मला एकटीला गाठून विचारतात, आणि उत्तर मिळालं की चारचौघांत मॅडमकडून मान्य करून घेतात. इन्व्हाइट फॉर डिनर की टू डिनर? चुलतभावाला कझिन म्हणायचं की कझिन ब्रदर? अमरावतीला माहेरी गेले तरी सुटका नसते. शेजारचे काका लग्नपत्रिकेचा मसुदा घेऊन कंपाउंडपाशी उभेच असतात. 'विथ फॅमिली' छापलं तर सगळं खटलं येईल, आणि नाही छापलं तर एकटाच येऊन रागावून जाईल, यावर इंग्रजीत काही तोड आहे का, असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी त्यांना मराठीत पत्रिका छापायला सांगितलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं.

तर ज्यांची ही गोष्ट आहे ते गृहस्थ तेल्हाऱ्याकडचे. काळी कसदार जमीन, कपाशी, तूर, सगळं व्यवस्थित. मुलीचं इंग्रजी चांगलं व्हावं म्हणून त्यांनी अकोल्यात फ्लॅट भाड्याने घेतला, तिथे मायलेकींना ठेवलं, आणि स्वतः गाडीने गाव ते अकोला करू लागले. उंच, मोकळे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. बी.ए. झालेले, आणि तसं पहिल्याच भेटीत सांगणारे. शाळेचा इंग्रजीचा नियम मनापासून पाळणारे ते एकटेच पालक होते. बाकीचे शहाणे लोक ग्रुपवर फक्त अंगठा दाखवायचे. हे मात्र रोज सकाळी लिहायचे: 'गुड मॉर्निंग टू ऑल अँड देअर रिस्पेक्टेड फॅमिलीज.' रविवारी सुद्धा.

त्या दिवशी सातवीच्या मुलांना गुणोत्तराचा गृहपाठ मिळाला होता. संध्याकाळपर्यंत एकालाही तो सुटला नाही. आया एकमेकींना फोन करू लागल्या, आणि ठरलं की कुणीतरी ग्रुपवरच सरांना विचारावं. पण कुणीतरी म्हणजे कोण? इंग्रजीत विचारायचं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं. त्या गृहस्थांनी लिहिलं:

'आय हॅव डाऊट ऑन मॅथ्स सर. मेनी पेरेंट्स हॅव डाऊट ऑन मॅथ्स सर. प्लीज क्लिअर सर इमिजिएटली.'

त्यांना म्हणायचं होतं की गणितात एक शंका आहे, ती बऱ्याच पालकांची आहे, तर सर, जरा लगेच दूर करा. लिहून मात्र गेलं असं की गणिताच्या सरांवर माझा संशय आहे, बऱ्याच पालकांचा आहे, तेव्हा सरांना ताबडतोब दूर करा. त्याखाली धडाधड अंगठे पडले. सगळ्यांच्याच पोरांचं गणित अडलं होतं.

गणिताचे सर पातूरकडचे. एम.एस्सी., सडपातळ, शर्टाची इस्त्री दिवसभर न मोडणारी. शिकवायचे चांगलं. फक्त एक होतं. शाळेच्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि सर संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायचे. हे पालकांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, शाळेसमोरच्या पोहेवाल्यालाही माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं, कारण ते त्यांना अजून कुणी इंग्रजीत सांगितलेलं नव्हतं.

सरांनी तो निरोप वाचला तेव्हा ते शिकवणीतच बसलेले असणार. त्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर पाठवलं: 'व्हॉट डाऊट? ऑल टीचर्स आर टेकिंग ट्यूशन. ओन्ली आय ॲम सीन?'

म्हणजे मीच दिसलो काय?

शिकवणीचा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. ग्रुप एकदम गप्प झाला. इतका की त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गुड मॉर्निंगसुद्धा घातलं नाही.

मला मॅडमनी पहिल्या तासाच्या आधीच बोलावून केबिनचं दार लावलं; दार लावलं की त्यांना स्वतःला मराठी चालतं. त्यांनी दोन्ही निरोप कागदावर छापून घेतले होते आणि 'ऑन' या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती.

"पालकांची तक्रार आहे, आणि चक्क इंग्लिशमध्ये आहे," त्या म्हणाल्या. मराठीतल्या तक्रारी त्या वाचत नसत. ही वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं कौतुकही होतं.

मी म्हटलं, "मॅडम, ही तक्रार नाही. आपल्याकडे वर्गात पोरं 'सर, डाऊट आहे' म्हणतात, तोच हा डाऊट. प्रश्न विचारायचा होता त्यांना."

"पण ऑन लिहिलंय ना? ऑन मॅथ्स सर."

ऑन चुकलाच होता. मी म्हटलं, "शिवाय एक स्वल्पविराम राहिलाय. क्लिअर आणि सरच्या मध्ये."

"मग मी एका स्वल्पविरामासाठी चौकशी थांबवू का?"

चौकशी शनिवारी ठरली. मी तिथे बसायचं, भाषेची अडचण आली तर. कामकाज अर्थातच इंग्रजीत.

शुक्रवारी संध्याकाळी ते गृहस्थ बायकोला घेऊन माझ्या घरी आले. येताना बोरं आणली होती. मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, माहं नेमकं चुकलं काय, ते सांगा."

मी ऑन समजावून सांगितला. डाऊट ऑन म्हणजे सरांवर संशय घेतल्यासारखं होतं, म्हटलं.

त्यांनी बोरांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "पन मॅडम, एस्से ऑन काऊ असते ना? मी शायेत लिवला हाये. आता एस्से ऑन काऊ म्हंजे गाईवर बसून थोडी लिवते कोनी? गाईबद्दलच लिवते. मंग मी म्हटलं, डाऊट ऑन मॅथ्स सर."

इतकी वर्षं मी शब्दयोगी अव्ययं शिकवतेय, पण या हिशोबाला उत्तर द्यायला मला पाणी प्यावं लागलं. म्हटलं, "तुमचं डोकं बरोबर चाललं, पण इंग्रजी तसं चालत नाही."

"मंग काय लिवाव लागत होतं?"

"क्वेश्चन लिहायचं. आय हॅव अ क्वेश्चन फॉर सर."

"क्वेश्चन?" ते दचकले. "क्वेश्चन तं पोलीस करतेत."

शेजारी त्यांची बायको बसली होती. बारीक अंगाची, नजरेने सगळं टिपणारी बाई. ती म्हणाली, "मॅडम, उद्या यायनं किती बोलाव ते सांगून द्या. यायले सुरू झालं का थांबता येत नाई."

मी सांगितलं की उभं राहायचं, 'आय ॲम सॉरी' म्हणायचं आणि खाली बसायचं. बस्स, तेवढंच.

"येवढंच म्हना," बायको म्हणाली. "लांबवू नका."

"नुस्तं सॉरी लय हलकं वाटते पन," ते पुटपुटले. मला तेव्हाच धाकधूक वाटायला हवी होती.

शनिवारी मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण. टेबलामागे मॅडम, एका बाजूला सर, समोर ते नवरा-बायको, आणि मध्ये मी, म्हणजे भाषेची अडचण. सरांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. मॅडमनी कामकाज सुरू केलं आणि पालकांना बोलायला सांगितलं. ते गृहस्थ उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि नुसतं सॉरी हलकं वाटू नये म्हणून म्हणाले:

"आय ॲम फीलिंग व्हेरी सॉरी फॉर सर. माय होल फॅमिली इज फीलिंग सॉरी फॉर सर."

आय ॲम सॉरी म्हणजे माफ करा. पण आय ॲम फीलिंग सॉरी फॉर सर म्हणजे मला सरांची कीव येते. आणि हो, आमच्या अख्ख्या घरादाराला येते.

सर लालबुंद झाले. "आय डोन्ट वॉन्ट युअर पिटी!"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. पिटी हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि फार नम्रपणे म्हणाले, "नो, नो, सर. नॉट पीटी. पीटी सर इज डिफरंट. यू आर मॅथ्स."

मला हसू फुटलं, आणि ते लपवायला मी खोकले. सरांना वाटलं हा माणूस मुद्दाम टिंगल करतोय, आणि मी त्याला सामील आहे. ते खुर्चीवरून अर्धवट उठले. आता नवऱ्याला सावरायला हवं म्हणून बायकोने घरून पाठ करून आणलेलं एकुलतं एक वाक्य काढलं. तिला म्हणायचं होतं की मुलीच्या अभ्यासाकडे आम्ही लक्ष देऊ. ती म्हणाली, "सर, प्लीज. वुई विल सी."

सर एम.एस्सी. खरे, पण राग आला की माणूस घरच्याच बोलीत ऐकतो. त्यांनी ऐकलं, पाहून घेऊ.

"काय पाहून घेता तुमी?" सर ओरडले. "काय पाहून घेता? घ्या मंग पाहून! मी काय घाबरतो काय कोनाले?"

मॅडम म्हणाल्या, "इंग्लिश, प्लीज."

तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गृहस्थ सरांकडे टक लावून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं परगावच्या बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर पसरतं.

"अरे सर! तुमी इकडचेच हाये काय? वर्षभर मले वाटून राह्यलं तुमी बाहेरचे कोनी."

"पातूरचा हाये मी," सर अजून रागातच.

"पातूरले तं माही मावशी देली हाये!"

यानंतर जे झालं ते सांगायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात झालं. मावशीचं घर कुठल्या गल्लीत, तिचा दीर कोण, तो सरांच्या वडिलांबरोबर कुठे कामाला होता, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात सर जेवायला होते, हे सगळं उलगडलं. वर्षभर ही दोन माणसं फाटकाशी भेटली की एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणून पुढे जात होती.

मग गृहस्थांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं होतं. "सर, ते गुणोत्तर पोरीले समजून नाई राह्यलं हो. काय भानगड हाये ते?"

सरांनी मॅडमच्या टेबलावरचा एक कागद ओढला, उलटा केला, आणि त्यावर कपाशीच्या फवारणीचा पंप काढला. पंपाले औषध किती झाकनं? दोन. पंप दोन झाले तं? चार. पानी तेवढंच ठेवलं अन् औषध वाढवलं तं काय होईन? "पऱ्हाटी जळन," बायको म्हणाली. सर म्हणाले, "बस, येवढंच हाये गुनोत्तर." तिने तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. तो कागद म्हणजे चौकशीची नोटीस होती, हे मला नंतर कळलं.

मॅडम माझ्याकडे झुकल्या. "व्हॉट आर दे सेइंग?"

"दे आर डिस्कसिंग रेशो, मॅडम."

"इन दॅट लँग्वेज?"

मी हो म्हटलं. त्यांना एवढा वेळ गप्प राहावं लागलं, त्याचा त्रास झाला असावा. त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि त्यांनी विचारलं की ते ठीक आहे, पण ट्यूशनचं काय? सर ट्यूशन घेतात असं ग्रुपवर आलंय, पालकांचं त्यावर म्हणणं काय?

सर गारठले. गृहस्थांना कळलं की आपल्या मावशीकडच्या माणसावर बालंट आलंय. आता त्याला वाचवणं आपलं काम. ते तडफेने उभे राहिले. त्यांना सांगायचं होतं की माझी काही शंका उरली नाही, कसली तक्रार नाही, विषय संपला.

"नो डाऊट, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी पेन उचललं. "सो सर टेक्स ट्यूशन्स?"

"नो डाऊट!" छातीवर हात ठेवून. "नो डाऊट, मॅडम. नो डाऊट."

इंग्रजीत याचा अर्थ एकच, की घेतात, प्रश्नच नाही. मी मध्ये पडले. म्हटलं, मॅडम, त्यांना म्हणायचंय की त्यांच्या मनात आता शंका नाही. मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "ही हॅज सेड इट क्लिअरली. व्हाय आर यू चेंजिंग इट?" आधी 'ऑन'चा अर्थ शब्दशः हवा होता, आता 'नो डाऊट'चाही हवा होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मॅडमना इंग्रजी येतं की नाही हा प्रश्नच नाही. त्यांना जे ऐकायचं असतं तेवढं येतं, आणि तेवढं पुरतं. मी घरी येऊन बराच वेळ भांडी आपटत होते.

सरांना लेखी ताकीद मिळाली. महिनाभर त्यांनी शिकवणी बंद ठेवली, आणि मग ती त्यांच्या बायकोच्या नावाने सुरू झाली. त्या गृहस्थांना आपण काय करून बसलो ते मी सांगितल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या फ्लॅटच्या खालचा रिकामा हॉल शिकवणीसाठी मिळवून दिला आणि मुलीचं नाव सगळ्यात आधी टाकलं. ती पोर आता वर्गात हात वर करून, "सर, आय हॅव अ क्वेश्चन," म्हणते, आणि मी दारावरून जात असले तर बरोबर म्हटलं ना अशा नजरेने माझ्याकडे बघते.

शाळेनेही धडा घेतला. मॅडमनी सूचना काढली की ग्रुपवर डाऊट हा शब्द वापरू नये, क्वेरी म्हणावं. मसुदा मला करायला दिला. मी शेवटी लिहिलं, काही असल्यास रिप्लाय करावा. मॅडमनी पेनाने रिप्लाय खोडून 'रिव्हर्ट बॅक' केलं. मी म्हटलं, मॅडम, रिव्हर्टचा अर्थच मागे जाणं असा आहे, उत्तर देणं असा नाहीच, आणि त्यात पुन्हा बॅक म्हणजे दुप्पट मागे. त्या म्हणाल्या, "आपल्या पालकांना बॅक लिहिल्याशिवाय कळणार नाही." सूचना तशीच गेली. एकही पालक मागे गेला नाही.

शिवाय पालकांसाठी शनिवारी दुपारी इंग्रजी संभाषण वर्ग सुरू झाला. फीसहित. आधी माणसाला फाटकापाशी मुकं करायचं आणि मग बोलायला शिकवायचे पैसे घ्यायचे, हे कुणाला सुचलं मला माहीत नाही. शिकवायला मीच होते, त्यामुळे फार बोलायची माझी सोय नाही.

पहिल्या शनिवारी ते गृहस्थ कापूस वेचणीत अडकले होते. त्यांची बायको एकटी आली आणि पहिल्या बाकावर बसली. मी फळ्यावर काही शब्द लिहिले होते, त्यातला एक तिने बोटाने दाखवला.

"मॅडम, मराठीत इचारलं तं चालते काय?"

मी उठून दार लावलं. म्हटलं, विचारा.

"या डाऊटमधी बी काहून हाये? म्हनतो तं आपुन डाऊटच. बी तं कोनी बोलत नाई."

मी सांगितलं की फार पूर्वी तो बी नव्हताच. जसं बोलत तसं लिहीत. मग तिकडच्या विद्वान लोकांना वाटलं की आपला शब्द जुन्या, भारदस्त लॅटिन भाषेशी नातं सांगणारा दिसला पाहिजे, कारण तिथे त्या शब्दात बी आहे. म्हणून त्यांनी तो नंतर मध्ये घातला. बोलण्यात कधी आलाच नाही. लिहिण्यात राहिला.

तिने थोडा विचार केला. "म्हंजे नुस्ता मोठेपना दाखवाले."

"हो."

"अन् तवापासून सगळे लिवून राह्यले?"

"सगळे."

"मंग लिवाव तं लागनच," ती म्हणाली, आणि वहीवर ओणवी होऊन एकेक अक्षर काढू लागली. बीपाशी आली तेव्हा तिने तो इतरांपेक्षा जरा जास्त दाबून लिहिला.